रात्री जागे कोण राहणार?



काही दिवसांपूर्वी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात एक वाक्य आमच्या कानावर पडले. "कुत्रीच्या ऑपरेशनला एवढा पैसा? तेवढ्यात एखाद्या गरिबाच्या मुलाची फी भरून झाली असती." बोलणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. कुत्री आमची होती. आम्ही तेव्हा काहीच बोललो नाही, कारण हाच प्रश्न आम्हीही घरात एकमेकांना विचारत होतो. आज त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करीत आहोत. पण या प्रश्नाच्या आड दुसराच एक प्रश्न दडला होता, आणि तो आम्हाला अधिक जड गेला.

आमची कुत्री आठ वर्षांची आहे. गावठीच. कोणीतरी रस्त्यावर सोडलेले पिल्लू मुलांनी उचलून आणले होते. राजुऱ्यासारख्या जंगलाच्या कडेच्या गावात कुत्रे हे नुसते हौसेचे जनावर नसते. २०२० साली आपल्या राजुरा-विरूर भागात वाघाने माणसे मारली आणि ऑक्टोबरमध्ये तो पकडला जाईपर्यंत लोक शेतावर जायला घाबरत होते, हे आपल्याला आठवत असेलच. त्या दिवसांत रात्री ती भुंकू लागली की आम्ही दार उघडत नसू. तिच्या भुंकण्याच्या भरवशावर आम्ही झोपत होतो.

यंदा ती माजावर येऊन गेली आणि महिनाभरात तिचे वागणे बदलले. सारखी पाणी पिऊ लागली, खाणे टाकले, मागून घाण स्राव येऊ लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितले, "पिशवीत पू झाला आहे. पिशवी काढावी लागेल. उशीर केला तर विष अंगात भिनेल आणि ती वाचणार नाही." मग त्यांनी हळूच विचारले, "लहानपणी नसबंदी का केली नाही?" आमच्याकडे उत्तर नव्हते. ते छोटे ऑपरेशन वेळेवर केले असते, तर पिशवीत पू होण्याचा हा प्रसंगच आला नसता. पुढे पाहू, पुढे पाहू म्हणत आठ वर्षे गेली. आमच्या आळसाची किंमत तिने आपल्या शरीराने मोजली.

आता पैशाचा प्रश्न. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात प्राण्यांविषयी शिकवण आहे. प्राणी ही देवाची निर्मिती आहे, त्यांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही, हे ती सांगते. पण माणसांचे दुःख दूर करण्यासाठी जो पैसा आधी वापरायला हवा तो प्राण्यांवर उधळू नये, असेही ती तितक्याच स्पष्टपणे सांगते. ही दोन्ही वाक्ये एकत्र वाचावी लागतात. एकच वाचले तर कोणी निर्दय होतो आणि कोणी कुत्र्याला केक भरवून शेजारच्या उपाशी मुलाकडे पाठ फिरवतो.

आम्ही हिशोब मांडला. हा पैसा खरोखर कोणा गरिबाच्या हातात जाणार होता का? प्रामाणिक उत्तर आले, नाही. तो नव्या टीव्हीसाठी बाजूला ठेवला होता. तेव्हा 'गरिबाला दिला असता' हे वाक्य आमच्या तोंडी शोभणारे नव्हते. टीव्ही राहिला आणि ऑपरेशन ठरले. ज्या घरात रोजच्या हाजरीवर चूल पेटते, त्या घराने असा खर्च केला नाही तर त्याला कोणीही दोष देऊ नये. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जे उपचार मिळतील ते घ्यावेत. वाचण्याची आशा नसेल आणि वेदना असह्य असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने जनावराला शांतपणे जाऊ देणे हीसुद्धा दयाच आहे.

ऑपरेशनची तयारी करताना पहिली अडचण भाकरीची आली. आदल्या रात्रीपासून पोटात अन्न जाऊ द्यायचे नव्हते. भूल दिल्यावर उलटी झाली आणि ती श्वासनलिकेत गेली तर जीव जाऊ शकतो. दोन दिवसांनी नेमकी त्याच संध्याकाळी तिला थोडी भूक लागली. ती आपल्या ताटलीपाशी जाऊन बसली आणि आमच्याकडे पाहत राहिली. धाकट्याने लपून बिस्किटाचा तुकडा नेला होता, तो त्याच्या मुठीतून काढून घ्यावा लागला. तो रडला. "तिला वाटेल आपण तिच्यावर रागावलो," तो म्हणाला.

लेकराने बरोबर जागी बोट ठेवले होते. माणसाला आपण सांगू शकतो, की उद्या ऑपरेशन आहे म्हणून आज जेवू नको. तिला काय सांगणार? उपाशी ठेवणारे आम्ही, गाडीत घालून वर्धा नदी ओलांडून बल्लारपूरमार्गे चंद्रपूरला नेणारे आम्ही, अनोळखी टेबलावर धरून ठेवणारेही आम्ही. तिची संमती कोणी घेतली नव्हती. तरी सुई टोचताना तिने आमच्याच हातावर डोके टेकले. देवाने माणसाला प्राण्यांवर अधिकार दिला असे आपण उत्पत्तीच्या पुस्तकात वाचतो. तो अधिकार म्हणजे काय, हे त्या टेबलापाशी उभे राहिल्यावर कळते. जो आपल्याला जाब विचारू शकत नाही, त्याच्यासाठी निर्णय घेणे म्हणजे अधिकार. म्हणून तिथे अधिक प्रामाणिक असावे लागते. डॉक्टरांना सगळे खरे सांगावे लागते. शेवटचे काय खाल्ले, कोणती औषधे दिली, आजार कधीपासून आहे आणि आपण किती दिवस दुर्लक्ष केले, हेसुद्धा. लाजेने लपवले तर भोगणार ती.

चांगल्या हेतूनेही चूक होऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्याच्या जंगलात २०१२ साली शिकाऱ्यांच्या लोखंडी सापळ्यात सापडलेल्या 'साहेबराव' नावाच्या वाघाची हकिकत पुष्कळांनी वाचली असेल. त्याच्या पुढच्या पायाची बोटे गेली आणि तो लंगडा झाला. त्याला दत्तक घेतलेले नागपूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. सुश्रुत बाभुळकर आणि पशुवैद्यकांनी जानेवारी २०२० मध्ये गोरेवाडा येथे त्याला भूल देऊन कृत्रिम पाऊल बसवले. शुद्धीवर आल्यावर वाघाने ते झटकून टाकले. या डॉक्टरांची करुणा खरी होती आणि कष्टही खरे होते. पण ज्याच्यासाठी करतो त्याचा स्वभाव काय स्वीकारेल, हे त्याच्याकडूनच शिकावे लागते. आमच्या कुत्रीनेही टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेले प्लॅस्टिकचे नरसाळे भिंतीवर आपटून आपटून तोडले. शेवटी डॉक्टरांना विचारून मुलाचा जुना सुती बनियन तिच्या अंगात घातला आणि मागे गाठ मारली. तो तिने चालवून घेतला.

ऑपरेशन तासाभराचे होते, पण सेवा चौदा दिवसांची. भुलेतून उठलेले जनावर थंडीने कापते, पाय लटपटतात, कुठेही धडकते. पहिल्या रात्री तिला जमिनीवरच गोधडीवर निजवावे लागले, पायऱ्या आणि खाट दूर ठेवावी लागली. पाणी थोडे थोडे, मग मऊ भात आणि उकडलेल्या कोंबडीचे चार तुकडे, तेही मीठ, मसाला, कांदा, लसूण न घालता. दिवसातून दोनदा जखम पाहायची, सूज, लाली, वास किंवा पू दिसतो का. पावसाळ्यात जखमेवर माशी बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही. शेजाऱ्यांनी प्रेमाने हळद-तेल सुचवले, कोणी माणसाची दुखण्याची गोळी द्या म्हणाले. दोन्ही टाळले. आपल्या घरातल्या साध्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्या-मांजरांना विषासारख्या बाधू शकतात. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र, ती बरी दिसू लागल्यावरही, शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण केले. पट्टा बांधून हळू फिरवणे, उडी मारू न देणे, टाके निघेपर्यंत आंघोळ नाही. हे सगळे सांगायला सोपे आणि रोज करायला कठीण आहे.

आम्ही रात्री पाळी लावली होती. तिसऱ्या रात्री दोन वाजता आम्ही तिच्या शेजारी बसलो असताना आई उठून बाहेर आली. थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "माह्या डोळ्याचं आपरेशन झालं तवा रातच्याला कोन जागलं होतं रे?"

तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते लागले. दोन वर्षांपूर्वी तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. आम्ही तिला घरी आणून सोडले आणि आपापल्या कामाला लागलो. डोळ्यात दिवसातून कितीदा तरी थेंब घालायचे होते, ते शेजारची मुलगी येऊन घालीत होती. आईला बोलता येत होते, म्हणून आम्ही गृहीत धरले की लागले तर ती हाक मारील. तिने हाक मारली नाही. कुत्रीला बोलता येत नाही म्हणून आम्ही जागे राहिलो आणि आईला बोलता येते म्हणून झोपलो.

आवारात ऐकलेला प्रश्न पैशाचा होता. खरा प्रश्न हा होता.

संत लूकच्या शुभवर्तमानात अठरा वर्षे वाकलेल्या एका स्त्रीला प्रभू येशू शब्बाथ दिवशी बरे करतो आणि सभास्थानाचा अधिकारी रागावतो. तेव्हा येशू त्यांना विचारतो, की तुम्ही शब्बाथ दिवशी आपला बैल, आपले गाढव गोठ्यातून सोडून पाण्यावर नेत नाही काय? मग ही अब्राहामाची कन्या आपल्या बंधनातून सुटू नये काय? येथे येशूने जनावराला पाणी पाजणे चुकीचे म्हटलेले नाही. ते योग्यच आहे, असे धरून तो पुढे जातो. तुमच्या हाताला दया ठाऊक आहे, मग तो हात माणसापाशी आल्यावर का थबकतो, एवढेच तो विचारतो. आई मध्यरात्री आम्हाला वेगळे काय विचारत होती?

तोबीतच्या पुस्तकात तरुण तोबिया प्रवासाला निघतो तेव्हा त्याचा कुत्रा बरोबर जातो. घरी बाप आंधळा होऊन बसलेला असतो. शेवटी मुलगा परत येतो, कुत्राही मागोमाग येतो आणि मुलगा बापाच्या डोळ्यांना औषध लावतो. एकाच दारातून कुत्रा आत येतो आणि औषधही. पवित्र शास्त्राला त्या दोघांत भांडण दिसत नाही.

प्राण्यांचा मित्र म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्यावरही डोळ्यांच्या आजारासाठी उपचार झाला होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे तापलेल्या लोखंडाने कानापासून भुवईपर्यंत डागले गेले. त्यांचे चरित्रकार सांगतात, की ते पाहवेना म्हणून सोबतचे बंधू खोलीतून पळून गेले. ते वाईट माणसे नव्हते. आजारी माणसापाशी थांबणे हे प्रेम करण्यापेक्षाही कठीण असते, एवढेच. ४ ऑक्टोबरला त्यांचा सण साजरा करताना आपण पाखरांची आठवण काढतो, त्या रिकाम्या झालेल्या खोलीचीही काढावी.

त्या रात्री आम्ही आईची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे. तुम्ही झोपा, सकाळी ड्यूटी हाय. मी बसतो हिच्यापाशी." आणि ती खरोखर बसली. जिच्यासाठी कोणी जागले नव्हते ती पहाटेपर्यंत एका मुक्या जिवासाठी जागली. सकाळी पाहिले तर एक हात जपमाळेवर आणि एक कुत्रीच्या पाठीवर.

कुत्री आता बरी आहे. टाके निघाले. आईच्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे आणि या वेळी रात्रीची पाळी आधीच ठरली आहे. धाकट्याने थेंबांचे वेळापत्रक भिंतीवर लावले आहे.

बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामातून कोणी ना कोणी ऑपरेशनसाठी चंद्रपूरला, नागपूरला, सेवाग्रामला जात असते. आपण त्यांच्यासाठी मिस्सामध्ये प्रार्थना करतो, ते चांगलेच आहे. पण बरोबर कोण जाते? रात्री दवाखान्याच्या बाकावर कोण बसते? घरी आल्यावर दुसऱ्या आठवड्यात, सगळ्यांचे भेटून झाल्यावर, औषधाची वेळ कोण सांभाळते? त्या चांगल्या शमरोनी माणसाने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, जखमीला धर्मशाळेत नेऊन त्याची सेवा केली आणि निघताना पुढचा खर्चही आपल्या अंगावर घेतला.

येत्या रविवारी मिस्सानंतर आम्ही चर्चच्या दाराशी एक वही ठेवणार आहोत. महिन्यातून एक रात्र कोणासाठी जागू शकतो, त्यांनी आपले नाव लिहावे. पहिले नाव आईने लिहायला सांगितले आहे, तिचे स्वतःचे.