पदविका एकाची, फायदा खटल्याचा

३ डिसेंबर २०२४ रोजी पंतप्रधान चंडीगडला आले आणि तीन नवे फौजदारी कायदे या शहरात पूर्णपणे अमलात आल्याचं त्यांनी जाहीर केलं. या कायद्यांपैकी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६ (३) म्हणतं की, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायलाच हवं. तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. तेव्हापासून घराघरांत एक वाक्य ऐकू येतं : आता फॉरेन्सिकला स्कोप आहे!

स्कोप आहे, पण कुणाला? बारावीनंतर गुन्हेगारीशास्त्र घेऊ पाहणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनी फीचा आकडा पाहण्याआधी हे विचारावं. नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडता येतं. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांची दोन वर्षांची ‘असोसिएट’ पदवी साधारण याच जातीची. आपल्याकडे मात्र ही पदविका अधांतरी राहते. महाराष्ट्रात पोलीस शिपायाला बारावी पुरते. मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची, आणि गुन्हेगारीशास्त्र शिकल्याचा त्यात काडीचा उपयोग नाही. फौजदार व्हायचं तर पदवी लागते, मग ती इतिहासाची असो की शेतकीची. प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाच्या जागांना रसायन, जीवशास्त्र किंवा न्यायवैद्यकाची एम.एस्सी. बघतात. म्हणजे बारावीला जास्त, पदवीला कमी. शिवाय शिपाईभरतीत खुल्या गटाला वयाची अट २८ ची. भरती दरवर्षी निघतेच असं नाही, पण वय थांबत नाही.

किरण बेदी चंडीगडच्या पंजाब विद्यापीठात शिकल्या, त्या राज्यशास्त्र. १९७२ मध्ये त्या देशातल्या पहिल्या महिला आयपीएस अधिकारी झाल्या. भरतीचं दार आजही तसंच आहे, विषय विचारत नाही.

म्हणून हे शिक्षण टाकाऊ ठरतं का? गुन्ह्याच्या जागेवर जरा जवळून बघू. रक्ताने भिजलेला शर्ट पंचनाम्यात जप्त होतो. हवालदाराने तो घाईत प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला, की ओलाव्याने बुरशी धरते आणि डीएनए खराब होत जातो. तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालायचा, लाखेचं सील लावायचं, नमुना सील वेगळं जोडायचं, मुद्देमाल रजिस्टरात नोंद करायची, आणि पाकीट कुणाच्या हातातून कुणाच्या हाती गेलं ते लिहून ठेवायचं. एवढं चुकलं तर सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, कितीही चोख आला तरी आरोपीचा वकील उलटतपासणीत त्याच्या चिंध्या करतो. यातलं काहीच पीएच.डी.चं काम नाही. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात नेमकं हेच बसतं.

म्हणजे हिशेब असा : फी आणि वर्षं विद्यार्थ्याची, लाभ खटल्याला. पदरचे पैसे मोडून ज्याने हे शिकावं त्याला नोकरीत एक गुणही मिळत नाही. ज्याच्या हातात मुद्देमाल असतो त्याला हे पुरेसं शिकवलेलं नसतं.

अमेरिकेने हा प्रश्न पैसे ओतून सोडवायचा प्रयत्न केला. १९६८ च्या कायद्याने पोलिसांच्या शिक्षणाला केंद्राकडून कर्जं आणि अनुदानं मिळाली आणि कॉलेजांत अभ्यासक्रमांचं पीक आलं. दहा वर्षांनी गुन्हेगारीशास्त्रज्ञ लॉरेन्स शर्मन यांच्या अहवालाने त्याचे वाभाडे काढले : शिक्षण अरुंद, निव्वळ कामचलाऊ. त्यांचा सल्ला होता की, भरती झालेल्यांना शिकवत बसण्यापेक्षा शिकलेल्यांनाच भरती करा. आपल्याकडे हा सल्ला जसाच्या तसा चालणार नाही, असं मला वाटतं. २०२४ मध्ये महाराष्ट्रात साडेसतरा हजारांच्या आसपास पोलीस पदांसाठी सतरा लाखांहून जास्त अर्ज आले. त्यांत पदवीधर होते, इंजिनिअरही होते. शिकलेले येतायत, उणीव आहे ती आल्यानंतरच्या शिक्षणात.

उलट प्रयोगशाळांत माणसं नाहीत. ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’च्या २०२५ च्या अहवालात देशभरातल्या न्यायवैद्यक यंत्रणेतली जवळजवळ निम्मी पदं रिकामी दिसतात. कायदा तज्ज्ञाला घटनास्थळी बोलावतो, आणि तज्ज्ञाची खुर्ची मोकळी! खासगी प्रयोगशाळांकडे वळावं, तर संहितेचं कलम ३२९ ठरावीक सरकारी तज्ज्ञांचाच अहवाल साक्षीला न बोलावता पुरावा म्हणून वाचू देतं. जाहिरातींतल्या ‘स्कोप’चा मोठा भाग सरकारी पदं भरली जाण्यावर उभा आहे, हे तिथे कुणी छापत नाही.

तेव्हा प्रयोगशाळेत जायचं असेल तर रसायनशास्त्रात पक्की बी.एस्सी. करावी आणि नंतर एम.एस्सी.; ती पंजाब विद्यापीठाच्या न्यायवैद्यक आणि गुन्हेगारीशास्त्र संस्थेत होते, आपल्या नागपूर-मुंबईतही होते. वर्दी हवी असेल तर आवडेल ती पदवी घ्यावी आणि पहाटे मैदान गाठावं. दोन वर्षांची पदविका पगारी रजेवर, सरकारी खर्चाने शिपाई आणि हवालदारांना द्यावी आणि बढतीत तिला गुण ठेवावेत. चंडीगडला ते सोपं आहे. विद्यापीठ सेक्टर १४ मध्ये, केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळा सेक्टर ३६ मध्ये, आणि सेवेतल्या अधिकाऱ्यांना तपास शिकवणारी केंद्रीय गुप्तहेर प्रशिक्षण संस्थाही त्याच सेक्टरमध्ये. तिन्ही ठिकाणं सायकलच्या टप्प्यात आहेत. अडतं ते एवढ्यावरच, की शिपाई दोन वर्षं वर्गात बसला तर त्याच्या बंदोबस्ताला उभं कोण राहणार, आणि त्या माणसाचा पगार कुठल्या खात्यातून निघणार.