वंशावळीचा शोध करावा काय?

वऱ्हाडांतील आमच्या मंडळ्यांत फिरत असतां अलीकडे एक प्रश्न आम्हांस पुनःपुन्हां विचारण्यांत येतो. कोणी भाऊ तहसिलींतून जुन्या कागदाची नक्कल घेऊन येतो, ती आमच्यापुढें ठेवितो, आणि म्हणतो, "पाळकसाहेब, आपला आजा-पणजा कोण होता हें शोधीत बसणें ख्रिस्ती मनुष्यास शोभतें काय?" कोणाच्या मुलास दाखला पाहिजे असतो, कोणाच्या शेताचा फेरफार अडलेला असतो, आणि कोणास केवळ जाणून घेण्याची इच्छा असते. कारण कांहींही असो, प्रश्न खरा आहे, आणि त्याचें उत्तर विचारपूर्वक दिलें पाहिजे.

आमच्या बंधुजनांत ह्याविषयीं दोन मतें आढळतात. कित्येक म्हणतात कीं, बाप्तिस्म्याच्या वेळीं जुना मनुष्य पुरला गेला, आतां त्याचीं हाडें उकरून काय मिळवावयाचें? ते पौलाचा आधार देतात, कारण त्यानें तीमथ्यास व तीतास वंशावळींच्या न संपणाऱ्या वादांपासून दूर राहण्यास सांगितलें आहे. दुसरे कित्येक ह्याच्या उलट करितात. एखाद्या देशमुखाचें आडनांव आपल्या आडनांवाशीं जुळलें, कीं तेवढ्यावरून ते मोठें घराणें उभें करितात. पहिले भितात आणि दुसरे फुगतात. आमच्या मतें ह्या दोहोंपेक्षां निराळा असा एक मार्ग आहे, आणि तो शास्त्रांतच दाखविलेला आहे.

पौल स्वतः आपला वंश विसरला नव्हता. आपण बन्यामिनाच्या वंशांतले आहों हें तो फिलिप्पैकरांस स्पष्ट सांगतो, आणि मग ख्रिस्तापुढें त्याची कांहींच किंमत नाहीं असें म्हणतो. ह्यावरून त्यानें वंशाचा अभिमान व वंशावरून होणारें भांडण मना केलें, वंशाचें ज्ञान मना केलें नाहीं, हें उघड होतें. नव्या कराराचें पहिलें पानच वंशावळीचें आहे. त्यांत मत्तयानें तामार, राहाब, रूथ व उरीयाची बायको ह्या चार स्त्रियांचा उल्लेख केला आहे. त्यांतील कोणी परदेशी, तर कोणी लोकांच्या दृष्टीनें कलंकित. मत्तयास त्यांचा उल्लेख सहज गाळतां आला असता, पण त्यानें गाळला नाहीं. तसेंच अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायांत प्रथमफळांची टोपली घेऊन येणाऱ्या इस्राएलास देवापुढें काय बोलावयास लाविलें आहे तें पाहा. आपला बाप घरदार नसलेला, भटकणारा अरामी होता, येथून त्यास आरंभ करावा लागे. भरल्या टोपलीशेजारीं उभें राहून गरीब पूर्वजाचें नांव घेणें, ही देवाची आज्ञा होती.

आतां वऱ्हाडांत असा शोध कोणास करावयाचा असेल, तर त्यानें प्रथम ह्या प्रांताचा इतिहास थोडासा ध्यानांत घ्यावा, नाहींतर तो चुकीच्या दारीं उभा राहील. निजामानें वऱ्हाड इ. स. १८५३ च्या तहानें कंपनी सरकारच्या ताब्यांत दिलें, आणि १९०३ सालीं तें मध्यप्रांतास जोडण्यांत आलें. आगस्ट १९०५ पर्यंत वऱ्हाडाचे सहा जिल्हे होते: अमरावती, एलिचपूर, अकोला, बुलढाणा, वाशीम व वणी. त्या सालीं एलिचपूर जिल्हा अमरावतींत मिळाला, वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यांत आले, मूर्तिजापूर अमरावतीकडून अकोल्याकडे गेलें, आणि खामगांव व जळगांव अकोल्यांतून बुलढाण्यांत गेले. पुढें १९९८ सालीं वाशीम पुन्हां निराळा जिल्हा झाला. म्हणून ज्याचा पणजा मूर्तिजापूर तालुक्यांतला होता, त्यास एका कागदावर अमरावती आणि दुसऱ्यावर अकोला असें आढळलें, तर त्यानें गोंधळूं नये. गांव जागचें हललें नाहीं, सरकारची रेघ हलली. जुन्या कागदांवर पुष्कळदां फसली सन असतो. दक्षिणेकडील फसली सनांत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. अक्षर मोडी असेल, तर तें वाचणारा जाणता मनुष्य गांठावा, अंदाजानें वाचूं नये.

साधनें मुख्यतः चार आहेत. पहिलें कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी वही. तींत जन्माची तारीख, बापाचें नांव, जात, मुलगा कीं मुलगी, आणि मृत्यु असेल तर त्याचें कारण, ह्या गोष्टी सांपडतात. मुलाचें नांव पुष्कळदां लिहिलेलेंच नसतें, कारण बारशापूर्वींच नोंद होई. गांवचा कोतवाल जन्ममृत्यूची खबर देई, म्हणून त्याचें नांव त्या वहीस मिळालें. हें कोतवालाचें काम पुष्कळ गांवीं गांवकुसाबाहेर राहणाऱ्या मनुष्याकडे असे, हें आमच्या वाचकांनीं विसरूं नये. आपल्या पूर्वजांस कागदांत जागा नव्हती असें आपण म्हणतों, परंतु साऱ्या गांवाचे जन्म व मरणें ज्याच्या तोंडून कागदांत गेलीं, तो पुष्कळदां आपलाच आजा होता. दुसरें साधन शाळेचें दाखल-खारीज रजिस्टर. तिसरें शेताची हक्कनोंदणी व फेरफार. चौथें आपल्या मंडळीचीं पुस्तकें, म्हणजे बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांच्या नोंदी. इंग्लंडांत इ. स. १५३८ सालीं थॉमस क्रॉमवेल ह्यानें प्रत्येक गांवच्या मंडळीनें अशी वही ठेवावी असा हुकूम काढिला. आज तेथील मजुराचा वंशजही आपल्या पूर्वजांचीं नांवें शेंकडों वर्षें मागें शोधूं शकतो, तो त्या वह्यांमुळें.

आतां असा शोध केल्यावर काय होतें, त्याची एक हकीकत सांगतों. एका गृहस्थास आपल्या वृद्ध वडिलांच्या जन्माची नोंद पाहिजे होती. तीन हेलपाटे घातल्यावर नक्कल मिळाली. त्यांत आज्याचें नांव होतें, आणि शेजारच्या रकान्यांत जात लिहिली होती. घरांत ती जात कधींच बोलली जात नसे. शहरांत वाढलेल्या आपल्या मुलांपुढें तो कागद ठेवण्याची त्यास लाज वाटली, आणि त्यानें तो घडी करून खिशांत ठेविला. पण त्याच नकलेबरोबर आणखी दोन नोंदी आल्या होत्या. वडिलांच्या जन्मानंतर दोन वर्षांनीं त्याच आज्यास मुलगी झाली होती, आणि अकरा महिन्यांनीं ती तापानें मेली होती. तिचें नांव कोठेंच नव्हतें. त्यानें हें वडिलांस वाचून दाखविलें. म्हातारा बराच वेळ गप्प बसला, आणि मग म्हणाला, "मले बहीण होती?" त्यानें ती ओळ पुन्हां वाचावयास लाविली. जातीच्या रकान्याविषयीं त्यानें एक शब्दही विचारिला नाहीं. त्या रात्रीं घरच्या प्रार्थनेंत त्यानें आपल्या आईबापांचें व त्या निनांवी मुलीचें स्मरण करून देवाचे आभार मानिले. खिशांतला कागद बाहेर आला तो तेव्हां.

ह्या हकीकतींत आमच्या प्रश्नाचें उत्तर आहे असें आम्हांस वाटतें. आईबापांचा मान राखावा ही पांचवी आज्ञा, ते मेल्यावर संपत नाहीं. ज्या आज्यानें उन्हातान्हांत दुसऱ्याचीं ओझीं वाहिलीं, ज्यानें अपमान सोसून मुलें जगविलीं, आणि ज्यानें कदाचित् सर्व गांवाचा रोष पत्करून बाप्तिस्मा घेतला, त्याचें नांव त्याच्याच नातवानें लपवावें, ह्याहून मोठी कृतघ्नता कोणती? जात लिहिणाऱ्यानें कमीपणानें लिहिली असेल, पण तो कमीपणा लिहिणाऱ्याचा व समाजाचा आहे. तो ज्यानें भोगिला त्याचा नव्हे.

येथें आणखी एका कठीण गोष्टीचा विचार केला पाहिजे. पुष्कळ लोक जुने कागद शोधितात ते जातीच्या दाखल्यासाठीं. अनुसूचित जातींविषयींचा राष्ट्रपतींचा आदेश १० आगस्ट १९५० रोजीं निघाला. त्यांत प्रथम हिंदूंस, १९५६ सालीं शिखांस आणि १९९० सालीं बौद्धांस स्थान मिळालें. ख्रिस्ती लोकांस तें मिळालेलें नाहीं. त्या जातींतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांस महाराष्ट्रांत इतर मागासवर्गांत धरितात. कोरकू बंधूंची गोष्ट निराळी, कारण अनुसूचित जमातींस धर्माची अट नाहीं. हा कायदा न्याय्य आहे कीं नाहीं, हा प्रश्न ख्रिस्ती समाजानें न्यायालयापुढें व सरकारपुढें मांडला आहे, आणि तो मांडणें योग्यच आहे. परंतु ह्या कायद्यामुळें एक मोह आमच्या दारांत येऊन बसला आहे. आज्याचा जातीचा रकाना दाखवावा, आणि आपला स्वतःचा बाप्तिस्मा झांकून ठेवावा, असा तो मोह होय.

पोरीची फी भरतां येत नाहीं म्हणून रडणारी आई आम्ही पाहिली आहे. तिच्यावर दगड उचलण्यास आमचा हात धजत नाहीं, आणि ज्या मंडळीनें तिला मदतीचा हात दिला नाहीं तिनें तर तोंडही उघडूं नये. तरी सत्य तें सत्य. जो लाजेनें आज्याची जात लपवितो आणि जो लाभासाठीं आपला प्रभु लपवितो, ते दोघेही एकाच पानाचा अर्धा भाग फाडितात, एक वरचा व दुसरा खालचा. त्या पानावर दोन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत: आम्ही कोठून आलों, आणि आम्हांस कोणीं बोलाविलें. दोन्ही आमच्याच आहेत. ज्यास एक सांगावयाची आहे, त्यानें दुसरीही सांगावी.

पण ज्यांचें पानच नाहीं, त्यांनीं काय करावें? इ. स. १८९६-९७ चा व १८९९-१९०० चा, असे दोन दुष्काळ वऱ्हाडावर लागोपाठ आले. दुसरा संवत् १९५६ मधला, म्हणून लोक त्यास छप्पनचा दुष्काळ म्हणत. त्या दिवसांत अकोला व खामगांव येथें मिशनच्या अनाथाश्रमांत कितीएक मुलें आलीं, आणि पंडिता रमाबाईंनीं पहिल्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून सुमारें ३०० मुली आणून त्यांस आश्रय दिला. त्यांतल्या लहानग्यांस बापाचें नांव सांगतां येत नव्हतें, गांवही सांगतां येत नव्हतें. त्यांचे वंशज आज आमच्या मंडळ्यांत आहेत. एका बाईनें आम्हांस तांब्याचा एक ठेंचाळलेला गडवा दाखविला, आणि ती म्हणाली, "हा माह्या आजीचा गडवा. ते आश्रमात आली तवा तिच्या हातात एवढाच होता. तिच्या बापाचं नाव तिले सांगता आलं नाही." आम्ही तो उजेडांत फिरवून पाहिला. जुन्या भांड्यांवर नांव घातलेलें असतें, परंतु ह्यावर तें नव्हतें. बाईनें तो पदरानें पुसून पुन्हां फळीवर ठेविला.

अशा भावाबहिणींनीं इब्री लोकांस पत्राचा सातवा अध्याय वाचावा. तेथें मलकीसदेकाविषयीं सांगितलें आहे कीं, त्याच्या बापाची, आईची व वंशावळीची कोठेंच नोंद नाहीं, आणि आपल्या प्रभूचें याजकपण त्याच्याच संप्रदायाचें आहे. एज्राच्या पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें ज्यांस आपली वंशावळ सांपडली नाहीं ते याजकपणांतून काढिले गेले. ख्रिस्ताच्या घरांत असें होत नाहीं. ज्यास कागद सांपडला त्यानें त्याबद्दल उपकार मानावे, ज्यास सांपडला नाहीं त्यानें खोटा कागद निर्माण करूं नये. कोरा गडवा हाही एक खरा दाखला आहे. एक मूल भुकेनें मरणार होतें, तें मेलें नाहीं, एवढें तो सांगतो.

शेवटीं आमच्या उपदेशक बंधूंस व मंडळींच्या वडिलांस आमची विनंति आहे. आपल्या मंडळीचीं जुनीं पुस्तकें कोठें आहेत तें ह्याच आठवड्यांत पाहावें. तीं ओलीच्या भिंतीस टेंकलेलीं असतील तर काढावीं, वाळवी लागली असेल तर झाडून, ऊन देऊन दुसऱ्या पेटींत ठेवावीं, आणि शक्य असेल तर प्रत्येक पानाचें छायाचित्र काढून घ्यावें. नवीन बाप्तिस्मा देतांना मनुष्याचें पूर्वींचें नांव, आईचें नांव व गांव हीं अवश्य लिहावीं. आईचें नांव गाळण्याची जुनी खोड सोडावी. प्रत्येक घरीं पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानावर वडीलधाऱ्यांचीं नांवें लिहून ठेवावीं, आणि अकालीं गेलेल्या लेकरांसही त्यांत जागा द्यावी. मंडळींत ऐंशी वर्षांवरील जें कोणी असेल त्याच्यापाशीं ह्या उन्हाळ्यांत एक संध्याकाळ बसावें, आणि तें जें सांगेल तें, गोड असो कीं कडू, न बदलतां लिहून घ्यावें. पुढल्या उन्हाळ्यापर्यंत तें माणूस आपल्यांत असेल किंवा नसेल, हें देवास ठाऊक.