शुभ कोणाचं, लाभ कोणाचा?

माणूस आपल्या पेटीवर काय लिहितो यावरून त्याचा स्वभाव ओळखावा, असं माझं मत आहे. आपण ट्रंकेवर नाव, गाव आणि पिनकोड लिहितो. व्यापारी तिजोरीवर शुभ-लाभ लिहितो. मंगोलियातला पशुपालक लाकडी पेटीवर एक गाठ रंगवतो. या गाठीला सुरुवात नाही आणि शेवटही नाही. कुठल्याही बँकेत ही नोंद संध्याकाळी टॅली झाली नसती!

या पेटीला तिकडे 'अवदर' म्हणतात. मंगोलिया माझ्या एलटीसीत बसत नाही, तेव्हा माझा सगळा अभ्यास पुस्तकी आहे, पण बी. कॉम. झालेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. तिथलं बिऱ्हाड म्हणजे 'गेर', लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू. तो वर्षातून अनेकदा उकलून पुढच्या कुरणावर न्यायचा. (आमच्याकडे एक बदली झाली तर युनियनची मीटिंग भरते.) दार दक्षिणेला, आणि त्यासमोर उत्तरेला मानाची जागा. तिथे देव, घरातल्यांचे फोटो आणि या रंगीत पेट्या.

तांबड्या-नारिंगी रंगावर काय काय असतं म्हणता? ती गाठ म्हणजे आपलं श्रीवत्स. अष्टमंगलातलं हे चिन्ह बौद्ध धर्माबरोबर इथून तिबेटमार्गे तिकडे गेलं. शिवाय सिंह, वाघ, ड्रॅगन आणि गरुड असे चार बलवान प्राणी. त्यातला सिंह तिकडे औषधालाही नाही, ड्रॅगन आणि गरुड तर कुठेच नाहीत. पण रखवालदार दिसला नाही म्हणून रखवाली होत नाही, असं थोडंच आहे? १९३७ नंतरच्या दडपशाहीत तिथले मठ पाडले गेले, हजारो लामा मारले गेले. तेव्हा लोकांनी आपले देव कुठे डोंगरात, कुठे पेटीत लपवले.

आता अशा जुन्या पेट्या जगभरच्या दुकानांत विकायला असतात. रंग उडालेला, तुपाच्या दिव्याचा धूर बसलेला असेल तर किंमत जास्त. (माणसाचं उलटं. रंग उडाला की साठीला निरोप समारंभ.) आणि इथेच माझ्यातला कारकून जागा होतो. पेटी विकली, तर तिच्यावरचा आशीर्वाद कोणाच्या खात्यावर जमा करायचा?

हिशेबशास्त्रात 'गुडविल' नावाची एक गंमत आहे. धंद्याचा नावलौकिक तुम्ही स्वतः कमावलात, तर तो वहीत मांडता येत नाही. दुसऱ्याचा विकत घेतलात, तर मांडता येतो. त्या घराने चार पिढ्या पेटीसमोर दिवा लावला, त्याची नोंद कुठेच नाही. दुकानदाराने पावती फाडली, की त्या धुराला पहिल्यांदा आकडा मिळतो.

मग विकणाऱ्याला दोष द्यायचा का? छे! २००९-१० च्या हिवाळ्यात मंगोलियात ८० लाखांहून अधिक जनावरं मेली. डोळ्यांदेखत कळप गेलेल्या माणसाला 'पूर्वजांची ठेव विकू नकोस' असं खुर्चीवर बसून सांगणं सोपं आहे. सोनेतारणाच्या काउंटरवर मी हेच पाहत आलोय. तराजूत पाटल्यांचं वजन होतं, पाटल्या घालणाऱ्या आजीचं होत नाही. सराफ प्रामाणिक असतो, तराजूही खरा असतो, आणि तरी काहीतरी वजनात यायचं राहून जातं.

उत्तर मला त्या पेटीच्या पाठीवर सापडलं. बहुतेक पेट्यांची पाठ कोरी असते. सगळा थाट दर्शनी बाजूला, म्हणजे दाराकडे. घरात शिरणाऱ्याला पहिल्यांदा दिसावी ती गाठ! म्हणजे आशीर्वाद पेटीच्या मालकाचा नव्हताच मुळी, येणाऱ्याचा होता. तेव्हा विकणाऱ्याने तो गमावला नाही. नव्या तंबूत नव्या पाटीवर तो पुन्हा रंगवता येईल. आणि घेणाऱ्याला तो मिळाला का? त्याच्या घरी कोणी येत असेल तर! दिवाणखान्यात पेटी ठेवून वर 'हात लावू नये' लिहिलं असेल, तर त्याला फक्त लाकूड मिळालं. शुभ वाटावं लागतं. साठवता येतो तो लाभ.

आमच्या घरातही दाराकडे तोंड करून एक कपाट आहे. लोखंडी. त्याला मोठा आरसा आहे. येणाऱ्याला त्यात स्वतःखेरीज काही दिसत नाही, आणि किल्ली बायकोच्या कमरेला असते. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्याचं शुभ चहावरच भागवावं लागतं. तो मात्र आम्ही देतो, आणि साखर मोजत नाही.