मूठ कुणाची, पातं कुणाचं

खंडेनवमीला शस्त्र पुजताना पूजा नेमकी कशाची होते, पात्याची की मुठीची? मराठा सरदार पहिले रघुजी भोसले यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्रात आली, तेव्हा हा प्रश्न समोर उभा राहिला. आजच्या यवतमाळ जिल्ह्यातलं भाम हे भोसल्यांचं वऱ्हाडातलं ठाणं, म्हणून तो इथल्या माणसालाही जवळचा. या तलवारीचं पातं युरोपातलं, मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. जाणकार तलवारीचा मुलूख बहुतेकदा मुठीवरून ओळखतात, कारण ती बसवण्याची रीत मुलखागणिक बदलते. बुखाऱ्याकडे पात्याच्या शेपटाला, म्हणजे मुठीत जाणाऱ्या टोकाला, दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावून रिव्हेट ठोकतात. आपल्याकडे शेपूट पोकळ धातूच्या मुठीत लाखेनं बसवतात.

कुणी म्हणेल, मूठ तापवली की लाख वितळते, पातं निघतं, दुसरी मूठ बसते. मग तिच्यावर ओळख कशी टेकवायची? आक्षेप रास्त आहे, पण त्यातून पात्याचा दावा सिद्ध होत नाही. एवढंच दिसतं की तलवारीचं तलवारपण कुठल्याही एका तुकड्यात नाही. ते आहे कुणीतरी ती आपली म्हणून पत्करण्यात. रघुजींच्या नावाचा देवनागरी लेख त्याच परक्या पात्याच्या पाठीवर आहे आणि त्यात तिला उघडपणे फिरंग, म्हणजे परदेशी पात्याची तलवार, म्हटलंय. तिचं परकेपण लपवावं असं त्यांना वाटलं नाही. मग लुटारूही लूट आपलीच म्हणेल ना? म्हणेल, पण पत्करण्यात जबाबदारी येते, नुसत्या कब्जात ती नसते. म्हणून संग्रहालयातल्या पाटीवर पात्याचा मुलूख आणि मुठीचा घाट, दोन्ही स्पष्ट लिहावेत.