वेष्टनाची नीती

‘जतन’ या शब्दाला मराठीत एक सहजसिद्ध नैतिक प्रतिष्ठा आहे. जो जतन करतो तो सज्जन आणि जो हेळसांड करतो तो दोषी, अशी विभागणी फारसा विचार न करता केली जाते. वस्तुसंग्रहालयांच्या भांडारगृहांत मात्र या विभागणीला तडा जातो. तेथे अनेक वस्तूंची हानी उपेक्षेने नव्हे, तर काळजीनेच झालेली आढळते. नाजूक पृष्ठभागाची वस्तू कशात गुंडाळावी आणि कशी ठेवावी, हा वरकरणी तांत्रिक वाटणारा प्रश्न म्हणूनच एका जुन्या नैतिक प्रश्नाचे रूप ठरतो. तो प्रश्न असा की, रक्षणकर्त्याच्या सद्‌हेतूवर कितपत विसंबावे?

भारतीय ग्रंथपरंपरेला हा प्रश्न अपरिचित नव्हता. पोथी दोन लाकडी फळ्यांच्या मध्ये ठेवून कापडात आवळून बांधण्याची रीत होती. पोथीच्या अखेरीस लेखनिक अनेकदा अशा आशयाची विनवणी करीत असे की, हिला तेलापाण्यापासून जपावे, सैल बांधणीपासून जपावे आणि अजाण माणसाच्या हाती देऊ नये. तेल आणि पाणी या उघड शत्रूंच्या पंक्तीला येथे बांधणी आणि हात या दोहोंना बसविले आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. जे राखण्यासाठी असते तेच नासविणारेही ठरू शकते, याचे भान त्या विनवणीत आहे.

आधुनिक संग्रहालयांना हे भान बरीच किंमत मोजून आले. शंखशिंपल्यांच्या संग्रहांवर धरणाऱ्या पांढऱ्या भुकटीचे वर्णन बाइन या इंग्रज अभ्यासकाने १८९९ साली केले. ती शिंपल्यांची व्याधी नव्हती. ज्या कपाटांत ते ठेवले होते, त्यांच्या लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांचा तो परिणाम होता, हे पुढे स्पष्ट झाले. ओकच्या उत्तम लाकडाचे खण शिशाची नाणी आणि मुद्रा याच रीतीने खातात. चांदीच्या वस्तूंसाठी पेटीला लावलेले लोकरी बनातीचे मऊ अस्तर त्यांना काळवंडून टाकते, कारण लोकरीत गंधक असते. काही प्रकारचे प्लॅस्टिक कालांतराने स्वतःच आम्ल सोडू लागते. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडताना आपली आम्लता शेजारच्या वस्तूला देतो. यांपैकी कोठेही दुष्ट हेतू नव्हता. उलट ओकचे कपाट आणि बनातीचे अस्तर ही आदराचीच चिन्हे होती.

ब्रिटिश म्युझियममधील अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली मांडलेल्या चाचणीचे मोल येथे ध्यानात येते. जे कापड, लाकूड वा फोम वापरावयाचे असेल त्याचा तुकडा चांदी, तांबे आणि शिसे यांच्या पट्ट्यांसह थोड्या ओलाव्यात, बंद नळीत ठेवतात. आज रूढ असलेल्या पद्धतीनुसार ही नळी ६० अंश सेल्सिअस तापमानात २८ दिवस असते. पट्ट्या काळवंडल्या वा गंजल्या, तर ते साहित्य नाकारले जाते. येथे परीक्षा होते ती रक्षकाची. रक्षिताला ती द्यावी लागत नाही. सामान्य व्यवहारात याच्या नेमके उलट घडते. कुटुंबात, पंथात वा राज्यात ज्याचे रक्षण करावयाचे त्याचीच शुद्धता तपासली जाते आणि रक्षण करणारा मात्र आपल्या हेतूच्या बळावर चौकशीतून सुटतो.

प्रत्यक्ष वेष्टनाची रीतही विचार करावयास लावणारी आहे. चित्रावरचे रंग भुसभुशीत झाले असतील, तर मऊ कापूससुद्धा त्यांना इजा करतो. त्याचे तंतू सुटणाऱ्या पापुद्र्यांत अडकतात. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटलेले डगेरोटाइप छायाचित्र तर बोटाच्या एका ओझरत्या स्पर्शाने पुसले जाते. अशा वस्तूच्या नाजूक भागाला वेष्टन मुळी लागूच द्यावयाचे नसते. वस्तू जेथे बळकट असेल तेथे तिला आधार द्यावयाचा आणि जेथे ती दुबळी असेल तेथे भोवती मोकळी जागा राखावयाची. पेटीवर नोंद आणि छायाचित्र लावावयाचे, म्हणजे पाहण्यासाठी ती वारंवार उघडावी लागत नाही. प्रेमाची परिसीमा कवटाळण्यात आहे, या समजुतीला ही रीत शांतपणे नकार देते.

पृष्ठभागाचे नाजूकपण केवळ द्रव्याचे असते असेही नाही. महाराष्ट्रातील देव्हाऱ्यांतील धातूचे टाक पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्नानाने आणि स्पर्शाने झिजलेले असतात. त्यांच्या खोबणींत हळदकुंकवाचे थर बसलेले असतात. असा टाक संग्रहालयात आला म्हणजे तो थर मळ मानावयाचा की साक्ष? तो घासून काढला तर धातू उजळेल, पण पूजेचा इतिहास पुसला जाईल. तो राखला तरी एक हानी अटळ असते: ज्या हातांनी तो थर घडविला ते हात आता त्याला लागणार नाहीत. संग्रहालय झीज थांबविते, आणि झिजण्याचे कारणही थांबविते. हा व्यवहार समर्थनीय असू शकेल. तो निष्कलंक आहे असे मात्र म्हणता येत नाही.

मग लपविणे श्रेयस्कर की दाखविणे? महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत राखले. त्यामुळे ते टिकले, परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल करीपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला ते जवळजवळ नव्हतेच. याउलट रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या अजिंठ्याच्या चित्रप्रतिकृती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या असताना १८६६ च्या आगीत बहुतांशी जळाल्या. प्रकाशाचा व्यवहार तर अधिकच निष्ठुर आहे. जलरंग आणि वस्त्रे यांच्यासाठी ५० लक्सची मर्यादा पाळली जाते; तरीही प्रकाशाने केलेली हानी साचत जाते आणि भरून येत नाही. आजच्या प्रेक्षकाचे पाहणे हे काही अंशी उद्याच्या प्रेक्षकाच्या वाट्यातून घेतलेले असते.

या द्वंद्वाचा कायमचा निकाल लागणे नाही. त्यात एक मर्यादा तेवढी आखता येते. १९२० नंतर अजिंठ्यास आलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांच्या रक्षणार्थ लाखेचे रोगण वापरले. ते पुढे पिवळे पडले आणि ते काढणे हेच नंतरच्या संरक्षकांचे अवघड काम होऊन बसले. त्या तज्ज्ञांचे ज्ञान त्यांच्या काळाचे होते. आजचेही आजच्या काळाचेच आहे. म्हणून नंतर येणाऱ्याला जे उलगडता येणार नाही ते करू नये, एवढे बंधन प्रत्येक पिढी स्वतःवर घालून घेऊ शकते. विश्वस्ताचा अधिकार याच बंधनातून निर्माण होतो. ठेव म्हणजे परत द्यावयाची वस्तू, आणि परत देताना गाठ सोडावी लागते. जी गाठ वस्तूला इजा न होता सुटते, तीच जतनाची गाठ होय.