दादांच्या दुनळीबद्दल

फरीज बिन ओमरान, दोहा
शुक्रवार

चि. बाळा यास,


तुझा निरोप दोनदा ऐकला. दादांची दुनळी कापून आखूड करायची, म्हणजे ती गाडीच्या सीटखाली मावेल, आणि नळी चौदा इंचांवर आणली की ती पिस्तुलातच जमा होते, असं तुझा मित्र म्हणतो. कापून द्यायला माणूसही तयार आहे आणि तू माझ्या होकाराची वाट बघतो आहेस. माझा होकार नाही. का नाही ते लिहूनच पाठवतो, म्हणजे मित्रालाही वाचून दाखवता येईल.

दादांचं परवान्याचं पुस्तक काढ आणि शस्त्राच्या वर्णनाची ओळ बघ. तिथे ‘डी.बी.बी.एल., १२ बोअर’ असं लिहिलेलं सापडेल आणि पुढे बंदुकीचा नंबर. म्हणजे दोन नळ्यांची, मागून काडतूस भरायची, गुळगुळीत नळीची बंदूक. आजोबांची होती ती ठासणीची, एस.बी.एम.एल. या अक्षरांना कायद्यात फार वजन आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये म्हटलंय की स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची बंदूक हवी असेल आणि तिची नळी २० इंचांपेक्षा कमी नसेल, तर अर्जदाराविरुद्ध नाकारण्याजोगं काही नसल्यास परवाना द्यायचा. शेतीच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्यालाही तोच न्याय. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मागितलं की मात्र सबळ कारण दाखवावं लागतं आणि ते अधिकाऱ्याला पटावं लागतं. आपल्या सिंधुदुर्गात घरोघरी बंदुका दिसायच्या त्या या कलमामुळे. माकडं, डुकरं, गवे बागायतीत उतरतात हे सरकारला ठाऊक होतं, म्हणून लांब नळीच्या बंदुकीला कायद्याने थोडी मोकळीक दिली. ती मोकळीक २० इंचांना बांधलेली आहे, म्हणजे जवळजवळ ५१ सेंटिमीटर.

आता त्याखाली गेलं की काय होतं ते बघ. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत हत्यारांचे वर्ग पाडलेत. १९६२ च्या नियमांत तसे होते आणि २०१६ च्या नियमांतही आहेत. दादांची बंदूक तिसऱ्या वर्गात, ३(क) मध्ये. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर त्याच तिसऱ्या वर्गात, ३(अ) मध्ये. लष्करी काडतूस चालणारी पिस्तुलं, म्हणजे सर्व्हिस ९ एम.एम. वगैरे, तेवढी वर पहिल्या वर्गात नेलीत. आणि २० इंचांपेक्षा आखूड नळीची गुळगुळीत बंदूक? ती थेट १(ब) मध्ये, अर्धस्वयंचलित बंदुकांच्या शेजारी. कापलेली दुनळी पिस्तुलाच्या घरात जात नाही, पिस्तुलालाही ओलांडून वरच्या कडक वर्गात जाते. दादांचा परवाना तिला लागूच होणार नाही.

आणि हे झालं नुसतं बाळगण्याचं. कापणं हा गुन्हा वेगळा. कलम ६ सांगतं की त्यासाठीचा खास परवाना असल्याशिवाय कुणीही बंदुकीची नळी आखूड करायची नाही. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात आणखी भर घातली: नियमांतल्या एका वर्गातलं हत्यार दुसऱ्या वर्गात बदलायलाही बंदी. कलम २५ मध्ये याची शिक्षा आज किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे, वर दंड. बेकायदा हत्यारं बनवणाऱ्याला जी शिक्षा, तीच. बिनपरवान्याची साधी बंदूक बाळगल्याची शिक्षा त्याच दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं आहे. करवतीच्या चार घावांनी माणूस कुठून कुठे जातो ते या आकड्यांत दिसतं. कापून देणारा अडकेल तो अडकेलच, पण कापून घेणाराही सुटत नाही.

मित्राने मोबाइलवर दाखवलेली ती आखूड अमेरिकन बंदूक कुठली ते मी ओळखलं. मॉसबर्गची ‘शॉकवेव्ह’. २०१७ मध्ये ती बाजारात आली तेव्हा इथेही बंदुकांची आवड असलेल्या मंडळींत तिची चर्चा होती. नळी १४ इंच, एकूण लांबी २६ इंचांहून थोडी जास्त, मागे खांद्याला टेकवायचा दस्ता नाही, नुसती मूठ. अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्यात शॉटगनची नळी १८ इंचांपेक्षा आखूड असली की सरकारदरबारी नोंदणी आणि तेव्हाचे २०० डॉलर कर. पण तिथल्या व्याख्येत शॉटगन म्हणजे खांद्यावरून झाडायची बंदूक, आणि हिला कारखान्यातून निघतानाच खांद्याचा दस्ता नव्हता. म्हणून ती तिथे शॉटगन ठरत नाही, आणि पिस्तूलही ठरत नाही. टॉरसचं ‘जज’ हे रिव्हॉल्व्हर ४१० बोअरचं छऱ्यांचं काडतूस झाडतं, तरी नळीत पेचदार खाचा असल्यामुळे तिथल्या केंद्रीय कायद्यात ते हँडगनच राहतं. कॅलिफोर्नियात मात्र त्याला आखूड शॉटगनच मानतात. तरी एक गोष्ट तुझा मित्र सांगायला विसरला. कुणी घरची खांद्यावरची शॉटगन कापून शॉकवेव्हच्याच मापाची केली तर तिला ही सवलत नाही. ती कापलेली शॉटगनच धरतात, आणि नोंदणीशिवाय ती तिथेही गुन्हाच. १९३९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मिलर खटला गाजला तो अशाच एका आखूड नळीच्या बंदुकीवरून. इंग्लंडात तर १९६८ च्या कायद्याने शॉटगनची किमान नळी २४ इंच धरली आहे. सीमारेषा देशागणिक सरकते, पण नळी कापलेल्या बंदुकीकडे कुणीच कानाडोळा करत नाही.

यामागचं कारणही समजून घे, नाहीतर हा सगळा कागदी छळ वाटेल. पिस्तूल लपतं, पण एका वेळी एकच गोळी टाकतं. बारा बोअरचं एक काडतूस मूठभर छरे टाकतं. लांब नळीची बंदूक हातात घेऊन बाजारातून चाललास तर दहा माणसं बघतील, आणि हे दिसणं हाच समाजाचा बचाव आहे. नळी कापली की छऱ्यांची ताकद जवळजवळ तशीच राहते आणि दिसणं संपतं. शिवाय छऱ्यांवर नळीचे पेच उमटत नाहीत, त्यामुळे तपासणाऱ्याला माग काढायला कमी खुणा मिळतात. बागायतीच्या राखणीला अशी बंदूक काही कामाची नाही. चोक, म्हणजे छरे एकत्र ठेवणारा नळीचा आवळलेला भाग, तोंडाशी असतो; तोच कापला गेला की छरे लवकर फाकतात आणि लांबवर नेम धड लागत नाही. ती उपयोगी पडते फक्त जवळच्या माणसावर. म्हणून तुझ्या मित्राचा ‘हाताळायला सोयीची’ हा शब्द मला मुळीच आवडला नाही. आणि राखणीच्या परवान्याने रानडुकरावर बार काढायची मुभा मिळते असंही समजू नकोस, त्याला वनखात्याची स्वतंत्र परवानगी लागते.

आता दुसरी, तितकीच महत्त्वाची गोष्ट. दादा गेले त्या दिवशी त्यांच्या परवान्याचा आधार संपला. आज ती बंदूक आपल्या घरात कुणाच्याच नावावर नाही. ती कपाटात ठेवून वाट बघणंही कायद्याला धरून नाही. आपल्या शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. वहिनींना बरोबर घेऊन सोमवारी कुडाळ ठाण्यात जा. बंदूक रिकामी करून, उघडून, पिशवीत घालून ने, आणि उरलेली काडतुसं मोजून वेगळ्या डब्यात. दादांचा मृत्यूचा दाखला आणि परवान्याचं पुस्तक हातात असू दे. नंबर लिहिलेली पावती मागून घे. नंतर वारस म्हणून परवाना हवा असेल तर २०१६ च्या नियमांत तशी सोय आहे. ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायचा, बाकी वारसांची हरकत नसल्याचं लिहून द्यायचं. नको असेल तर विक्रेत्यामार्फत विकता येते. मला विचारशील तर विकून टाक, पण तो निर्णय वहिनींचा.

तू पासपोर्टचा अर्ज केला आहेस, म्हणून हेही सांगतो. फौजदारी कोर्टात खटला चालू असला तर पासपोर्ट नाकारता येतो, १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात तसं कलमच आहे. मी इथे हमद इस्पितळाच्या बाजूच्या गल्लीत खोली बघून ठेवली आहे, ती तुझ्यासाठीच. इथेही हत्यारांसाठी १९९९ चा १४ क्रमांकाचा कायदा आहे आणि परवाना गृहमंत्रालयाचा. सप्टेंबरात कटाराला ‘सहैल’ प्रदर्शन भरतं, ससाण्यांबरोबर शिकारीच्या उंची बंदुका मांडलेल्या असतात, पण कागदाशिवाय एकही बाहेर जात नाही.

निघताना दादांची जुनी पिशवी किंवा जाकीट आणू नकोस, आणलंस तर प्रत्येक खिसा उलटा करून बघ. चुकून राहिलेल्या एका काडतुसासाठी विमानतळावर माणसं अडकतात.

सोमवारी ठाण्यातून बाहेर पडलास की पावतीचा फोटो पाठव. नंबर परवान्यावरच्या नंबराशी जुळतो का ते तिथेच ताडून बघ. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
काका