एप्रन बांधण्याआधी

झाशीत दोन चुलत भाऊ राहत होते असं समजा. थोरल्याला सगळे नाना म्हणत, धाकट्याला बापू. गोष्ट मी रचलेली आहे. पण ती ज्या नियमावर उभी आहे, तो फ्रीमेसन लोकांच्या लॉजमध्ये प्रत्येक नव्या सभासदाला खरोखरच ऐकवला जातो.

झाशी मराठी वाचकाला गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मुळे आपलीच वाटते. नेवाळकरांच्या सुभेदारीत दक्षिणेतून गेलेली घराणी तिथे रुजली. राणीचं लग्न 1842 साली ज्या गणेश मंदिरात लागलं, ते आजही तिथल्या मराठी माणसांचं एकत्र येण्याचं ठिकाण आहे. पुढे रेल्वे आली, 1895 साली वर्कशॉप उभं राहिलं, आणि जुन्या घराण्यांतली मुलं पेशवाईच्या आठवणी बाजूला ठेवून वॅगनच्या दुरुस्तीवर रुजू झाली. नाना त्यांतलेच. चार्जमन म्हणून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख, बोलायला कमी. बापूनं नोकरी धरली नाही. त्यानं शहराबाहेर खडीचं क्रशर टाकलं, दोन डंपर घेतले आणि चांगला पैसा मिळवला.

परकोटाच्या आत एक जुना वाडा होता, आणि वाड्याच्या मधोमध एक भिंत. आजोबांच्या मागे वाटण्या झाल्या तेव्हा ती उभी राहिली. चौकातला आड भिंतीच्या नानांकडल्या बाजूला गेला. बापूच्या वडिलांचं म्हणणं होतं की आड सामायिक ठरला होता. नानांच्या वडिलांचं म्हणणं होतं की तसं कागदात नाही. दोघेही म्हातारे गेले. दावा मात्र दिवाणी न्यायालयात तारखांवर तारखा घेत राहिला. दोन्ही घरांतली मुलं एकाच रिक्षानं शाळेत गेली आणि घरी आल्यावर एकमेकांशी बोलली नाहीत. भाऊबंदकीचं हे रूप कुणा मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

नाना लॉजमध्ये गेले ते वर्कशॉपमधल्या एका वरिष्ठांमुळे. उत्तरेकडल्या छावणीच्या गावांत लॉजच्या इमारतीला लोक जादूघर म्हणत आले आहेत. दारं बंद, खिडक्यांना पडदे, बाहेर नागवी तलवार घेऊन उभा असलेला टायलर, आणि आत काय चालतं ते बायकोलाही न सांगणारी माणसं. लोकांनी दुसरं काय म्हणावं? खरं पाहता आत जे चालतं त्याची छापील पुस्तकं शंभर-दीडशे वर्षं बाजारात मिळतात. 24 जून 1717 ला लंडनच्या एका खाणावळीत चार लॉज एकत्र आल्या आणि पहिली ग्रँड लॉज स्थापन झाली. दगड घडवणाऱ्या गवंड्यांची हत्यारं, म्हणजे गुण्या, ओळंबा, पाणसळ, त्यांनी माणूस घडवण्याच्या खुणा म्हणून घेतली. लॉजमध्ये धर्मावर आणि राजकारणावर वाद घालायचा नाही, हा नियम तेव्हापासूनचा. धर्मावरून रक्त सांडलेल्या शतकातून ती माणसं आलेली होती. नियम उगाच केला नव्हता.

हिंदुस्थानात मात्र या बंधुभावाचं दार सहज उघडलं नाही. माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईत नकार मिळाला, तेव्हा त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. पुढे 1843 साली डॉ. जेम्स बर्न्स यांनी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज मुंबईत काढली, ती हिंदी लोकांना घेण्यासाठीच. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांचं नाव 1863 साली सुचवलं गेलं. अनेक देव मानणारा माणूस एका ईश्वराची शपथ कशी घेणार, अशी शंका काढून त्यांना अडवलं, आणि ते आत गेले 1872 साली. बारा वर्षांनी त्याच शहरात नरेंद्रनाथ दत्त नावाच्या तरुणानं दीक्षा घेतली, ज्याला जग पुढे स्वामी विवेकानंद म्हणून ओळखू लागलं. लाहोरच्या लॉजमध्ये 1886 साली दाखल झालेल्या किपलिंगनं नंतर एका कवितेत लिहिलं आहे की हिंदू, मुसलमान, शीख, पारशी, ज्यू असे सगळे बंधू आत समान होते, पण कुणाची जात मोडू नये म्हणून मेजवानी ठेवता येत नसे. आज ते उरलेलं नाही. 24 नोव्हेंबर 1961 ला भारताची स्वतःची ग्रँड लॉज झाली, रामपूरचे नवाब पहिले ग्रँड मास्टर झाले, आणि आता लॉजच्या मध्यभागी गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब, अवेस्ता शेजारी शेजारी उघडून ठेवतात. सभा संपली की सगळे एका टेबलावर जेवतात.

नानाही जेवत. कर्नलसाहेबांच्या शेजारी, शिया डॉक्टरांच्या शेजारी, ख्रिस्ती गार्डच्या शेजारी. भिंतीपलीकडच्या चुलीवरचं मात्र त्यांनी बावीस वर्षांत काही खाल्लं नव्हतं. ही विसंगती त्यांना दिसत नव्हती असं नाही. पण माणूस परक्याशी जितका सहज भाऊ होतो तितका भावाशी होत नाही, हे मला पुष्कळ घरांत दिसलं आहे.

एका संध्याकाळी सचिवांनी नव्या अर्जाचं नाव वाचलं. अर्ज बापूचा होता.

लॉजमध्ये नवा माणूस घ्यायचा तर आधी चौकशी होते, मग गुप्त मतदान. पेटी फिरते, प्रत्येक जण पांढरी किंवा काळी गोळी टाकतो, हात आत असतो, कुणाला काही दिसत नाही. कुणी काय टाकलं ते विचारायचं नाही, सांगायचंही नाही. काळ्या ठरावीक संख्येला पोचल्या की दार बंद. पेटी नानांपुढे आली. त्यांनी पांढरी टाकली. वाचकानं त्यांना लगेच थोर मानू नये. ‘चुलत भावानंच आडकाठी केली’ असं गावात म्हणण्याची संधी बापूला मिळू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. नानी घरी म्हणाल्या, “काळी टाकली असतीत तरी बरं होतं. निदान खरं झालं असतं.” मतदानाचं काय झालं हे नानांनी त्यांना सांगितलंच नव्हतं; चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं.

दीक्षेच्या रात्री बापू आला तो नेहमीच्या थाटात. शेजारच्या खोलीत त्याच्या अंगावरचं सगळं काढून घेतलं: साखळी, पुष्कराजाची अंगठी, घड्याळ, पाकीट, किल्ल्या. धातूचं किंवा किमतीचं काही अंगावर ठेवून कुणालाही आत नेत नाहीत. मग डोळ्यांवर पट्टी. त्यानं अर्जावर सही करताना लिहून दिलं होतं की कसल्याही लाभाच्या आशेनं मी येत नाही. पण खरं सांगायचं तर कर्नल आणि रेल्वेचे अधिकारी जिथे बसतात तिथे आपलीही खुर्ची असावी, असं त्याच्या मनात होतं. अशी माणसं बरीच येतात. काही तशीच राहतात.

लॉजमध्ये मास्टर पूर्वेला बसतात, ज्युनियर वॉर्डन दक्षिणेला, आणि पश्चिमेला सीनियर वॉर्डन. त्या वर्षी पश्चिमेच्या खुर्चीवर नाना होते. नव्या बंधूच्या कमरेला कोकराच्या कातड्याचा पांढरा एप्रन बांधणं हे सीनियर वॉर्डनचं काम. गीतेवर हात ठेवून शपथ झाली, पट्टी सुटली, आणि बापूला पश्चिमेला आणून उभं केलं. नानांनी एप्रन हातात घेतला. इतक्या वर्षांत ते भावाच्या इतक्या जवळ उभे राहिले नव्हते. बापूचे केस कानापाशी पिकले होते. नानांनी नाडी मागून पुढे आणून गाठ मारली.

त्यानंतर मास्टर बोलतात. शब्द ठरलेले असतात, पाठ असतात, नानांनी ते कितीतरी वेळा ऐकले होते. अर्थ असा: ज्या लॉजमध्ये जायचं तिथे तुझ्याशी बेबनाव असलेला, किंवा ज्याच्याबद्दल तुझ्या मनात वैर आहे असा बंधू असेल, तर हा एप्रन बांधू नकोस. त्याला बाहेर बोलाव. दोघे मिळून भांडण मिटवा. मिटलं तर आत या आणि काम करा. नाही मिटलं तर दोघांपैकी एकानं, किंवा दोघांनीही, परत जावं. तुमच्या असण्यानं लॉजची शांती मोडू नये.

नानांची बोटं अजून गाठीवर होती.

मग बापूला ईशान्येच्या कोपऱ्यात उभं केलं. इमारतीचा पहिला दगड तिथे बसवतात म्हणून नव्या बंधूची जागा ती. तिथे त्याच्यापुढे दानासाठी पात्र धरतात. बापूचा हात सवयीनं खिशाकडे गेला. खिसा रिकामा. दोन डंपरांचा मालक, आणि एक रुपया देता येईना. ते मुद्दामच असतं. पुढे कधी तुझ्या दारात कुणी रिकाम्या हातांनी आला, तर हा क्षण आठव, असं त्याला सांगतात. बापू मान खाली घालून उभा राहिला, आणि त्याला वेळ लागला.

पुढच्या सभेला नाना आले, पण व्हरांड्यातच बसून राहिले. एप्रनची पिशवी मांडीवर. टायलरनं विचारलं, “तब्येत?” नाना म्हणाले, “तब्येत ठीक आहे.” पश्चिमेच्या खुर्चीवर त्या दिवशी दुसरं कुणी बसलं. बापू आत गेला, रिकामी न राहिलेली ती खुर्ची त्यानं पाहिली, आणि काय झालं ते समजला. त्याच्या पुढच्या सभेला दोघेही बाहेर. एक बाकाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. आतून तीन ठोके ऐकू आले, बाहेरून टायलरनं तीन दिले, लॉज सुरू झाली. टायलर समजूतदार माणूस. दाराकडे तोंड करून उभा राहिला.

“माझ्यामुळे तुमची खुर्ची गेली,” बापू म्हणाला.

“तुझ्यामुळे नाही. एप्रन बांधता येत नव्हता.”

“तुम्ही मला नकार द्याल अशी माझी खात्री होती.”

“कुठली गोळी टाकली ते विचारू नकोस, मी सांगणार नाही. पण जी टाकली ती चांगुलपणानं टाकली नव्हती.”

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बापूनं आडाचा विषय काढला नाही, भिंतीचाही नाही. तो म्हणाला, “आई गेली तेव्हा तुम्ही खांदा द्यायला आला नाहीत.”

“मला कळलं ते दुधवाल्याकडून. तोवर तुम्ही निघाला होतात. तू निरोप धाडला नाहीस.”

“निरोप धाडायचा? भिंतीपलीकडे रडणं ऐकू येत नव्हतं?”

नाना गप्प. मग म्हणाले, “दहा दिवस सुतक पाळलं मी. देवपूजा केली नाही, दाढी केली नाही. वर्कशॉपमध्ये रजा टाकली. दहाव्याला नदीवर गेलो, तुम्ही घाटाच्या खालच्या अंगाला होतात. मी वरच्या अंगाला बुडी मारली आणि परत आलो. काकूनं मला लहानपणी भरवलं होतं रे.”

बापूला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक होणार कसं? सुतक भिंतीच्या त्या अंगाला पाळलं गेलं होतं. दाव्याच्या कागदांत फूट होते, इंच होते, साक्षीदारांचे जबाब होते. यांतलं काही त्यात नव्हतं. कोर्ट जे विचारतं तेवढंच माणसं सांगतात. या दोघांना तो प्रश्न विचारायला आजवर कुणी बाकावर बसवलं नव्हतं. त्या जुन्या नियमानं तेवढं केलं: आधी बाहेर बसा म्हणाला.

मग मात्र कामाची बोलणी सुरू झाली, आणि ती गोड नव्हती. भिंत पाडायची नाही, दोघांचंही एकमत. मुलांना आपापली घरं सवयीची झाली आहेत. भिंतीत दार काढायचं. दाराचा खर्च निम्मा-निम्मा. लोकअदालतीत दोघांनी मिळून तडजोडीचा अर्ज द्यायचा. बापूनं डायरी काढली आणि लिहून घेतलं. आडावर गाडं अडलं. नाना म्हणाले, पाणी हवं तेवढं ने, मालकी माझी. बापू म्हणाला, पाण्यासाठी कोण भांडतंय, क्रशरवर माझे दोन बोअर आहेत. आजोबांनी सामायिक म्हटलं होतं, ते खरं होतं एवढं लिहून द्या. नानांनी मान हलवली. वडिलांना खोटं पाडायचं ते एका संध्याकाळीत त्यांना जमेना.

दार किलकिलं झालं. आतून विचारणा आली होती: दोन्ही बंधू येत आहेत का? मास्टर थांबायला तयार आहेत.

बापूनं पिशवीतून एप्रन अर्धा बाहेर काढला आणि नानांकडे पाहिलं. “एवढं तर मिटलं. जायचं?”

“नाही,” नाना म्हणाले, आणि टायलरकडे वळले. “मास्टरांना सांगा, सुतकाचं मिटलं, भिंतीचं मिटलं, आडाचं बाकी आहे. आज आमच्या जागा दुसऱ्यांना द्याव्यात.”

दार लागलं. बापूनं एप्रन आत सरकवला आणि डायरीचं पान उलटलं.

“बाबांनी त्या आडावर पंप बसवला होता,” तो म्हणाला, “त्याचे पैसे निम्मे आजोबांनी दिले होते. पावती आहे माझ्याकडे.”

“पावती?” नाना बाकावर त्याच्या बाजूला सरकले. “कुठल्या सालची?”